वैनगंगेत सोडलेली हँडबिलं

देवावर मी रागावलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. राग थोडाथोडका नव्हता. देवघरातल्या गणपतीला फूल वाहायचं मी सोडून दिलं होतं. बायको मुकाट्यानं पूजा करायची आणि मी तिकडे पाठ करून चहा प्यायचो.

आमच्या ब्रह्मपुरीकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांत मी ऑर्गन वाजवतो. शाळेत सातवीच्या पुढं गेलो नाही, तरी पंचक्रोशी मला मास्तर म्हणते. दिवाळी ते होळी वाजवायचं आणि त्यावर वर्ष काढायचं, असं आम्हा वाजवणाऱ्यांचं चालत आलेलं. ते साथीचं साल उजाडलं आणि मंडई नाही, शामियाना नाही, नाटक नाही. आमचा तबलजी धानकापणीच्या मजुरीला गेला. ऑक्टोपॅडवाला घरोघर भाजी विकू लागला. मीही हातात विळा घेतला, पण दुसऱ्या दिवशी बोटं इतकी सुजली की घरातला ऑर्गनसुद्धा वाजवता येईना.

अशात एका संस्थेनं नाटकातल्या वादकांसाठी तातडीची मदत जाहीर केली. अट एकच होती. मागच्या तीन हंगामांची छापील हँडबिलं, ज्यावर आपलं नाव आहे, त्यांचा फोटो अर्जाला जोडायचा. अट रास्तच म्हणायची, कारण रेशनकार्डापासून सगळ्या कागदांवर आम्ही शेतमजूर. वादक म्हणून आमचं नाव फक्त हँडबिलाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ‘संगीत साथ’ या शब्दांपुढं. नाटक कंपनीच्या मालकाकडे एकही हँडबिल शिल्लक नव्हतं. सगळी माझ्याकडे असायची. आणि मी ती नदीला दिली होती.

त्याचं असं आहे, आमच्या प्रत्येक हँडबिलाच्या माथ्यावर गणपती छापलेला असतो. लोक त्यावर बसतात, त्यात चिवडा बांधतात, मग ते पायदळी येतं. मला ते बघवत नसे. म्हणून दर हंगामात मी प्रत्येक नाटकाचं एकेक हँडबिल जपून ठेवायचो, आणि होळी झाली की सगळ्यांचा गठ्ठा बांधून, वर नारळ ठेवून वैनगंगेच्या घाटावरच्या डोंगेवाल्याच्या हाती द्यायचो. मधल्या धारेत सोड म्हणायचो. देवाला दिलेल्याकडे वळून पाहू नये, ही आमच्या घरची रीत. म्हणून गठ्ठा देऊन पाठ फिरवायचो आणि सरळ घरी यायचो. बारा वर्षं हे व्रत चुकलं नाही.

हे ऐकल्यावर तबलजी एवढंच म्हणाला, “तुमच्या भक्तीपायी आमीबी बुडलो का जी, मास्तर?” माणूस देवासाठी काही करतो आणि देव त्याच्याच पायात पाय घालतो, हा कुठला न्याय? फूल वाहणं तेव्हापासून बंद झालं.

शेवटी, होळी उलटल्यावर, मी ऑर्गन विकायचं ठरवलं. गुरूंनी जाताना माझ्या हवाली केलेलं वाद्य. नदीपलीकडच्या एका हॉटेलवाल्याला तो शोभेसाठी मांडून ठेवायचा होता. बयाना घ्यायला मी निघालो तेव्हा बायको उंबऱ्यात उभी होती. “हात विकून पोट भरते का जी?” एवढंच बोलली आणि आत गेली. मी ओरडलो, “मंग का करू? सांग ना!”

बस बंद होत्या, म्हणून घाटावर गेलो. तोच डोंगेवाला. इतकी वर्षं त्याच्या हाती गठ्ठा दिला, पण त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. डोंगा निघाला आणि त्यानं सहज विचारलं, “मास्तर, अवंदा कागद नाई आनले?”

झालं! माझा तोल गेला. नाटकंच नाहीत तर कागद कुठले, आणि त्याच कागदांपायी तीन घरांची मदत गेली, तुझ्या हातानं सगळं पाण्यात गेलं, असं वाट्टेल ते मी बोललो. मग एकाएकी त्यानं डोंगा फिरवला.

“अरे, काऊन फिरवला? मले तिकडं जायचं हाय!”

“घरी चला, मास्तर,” तो खालमानेनं म्हणाला. “मी तुमचे कागद सोडलेच नाई. नारळ खाल्ला अन् कागद घरी नेले.”

“सोडले नाई? काऊन गा?”

“पयल्या साली सोडाले गेलो होतो जी. गठ्ठा उघडला, त गनपती माह्याकडंच पाहून राह्यला. बुडवाचा हातच झाला नाई. अन् खरं सांगतो, मले नाटकाचा लय शौक.”

त्याचं मातीचं घर घाटाला लागूनच होतं. आत वाळत घातलेलं जाळं बाजूला सारलं आणि मागची अख्खी भिंत दिसली. वरपासून खालपर्यंत, साल चुकू न देता, बारा हंगामांची हँडबिलं ओळीनं चिकटवलेली. त्याला वाचता येत नव्हतं. तळाशी माझं, तबलजीचं, ऑक्टोपॅडवाल्याचं नाव आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. तो रंगीत चित्रांसाठी लावत गेला आणि त्याची बायको रोज संध्याकाळी त्या भिंतीला उदबत्ती ओवाळत गेली. भिंतीवरचे सगळे गणपती माझ्याकडे पाहत होते, आणि मी महिनाभर एका फुलासाठी हात आखडलेला. मी मटकन खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

तो बिचारा घाबरला. “पाप झालं का जी माह्या हातानं?”

“नाई गा भाऊ,” मी म्हणालो. “तुह्यं नाव का?”

त्याचं नाव गोविंदा. मी मोबाइलवर भिंतीचे फोटो काढले, सगळ्यांचे अर्ज गेले. संस्थेतून फोन आला, फोटोत मासोळीचं जाळं कसं काय? मी म्हटलं, साहेब, त्यातच सापडलं. मदत आली. तबलजीच्या घरी गेली, ऑक्टोपॅडवाल्याच्या घरी गेली, माझ्याही. हॉटेलवाल्याला मी नाही म्हणून कळवलं. त्या दिवशी देवघरापुढं बसून गणपतीची माफी मागितली. ऑर्गन आजही घरात आहे, आणि मंडया पुन्हा भरू लागल्या आहेत.

हा चमत्कार होता का, मी सांगू शकत नाही. आपण दिलेलं देवानं कुठं ठेवायचं, हे त्याला विचारायचा मला हक्क नाही, एवढं मात्र मनात पक्कं बसलं. मी नदीला दिलं, त्यानं भिंतीवर जपलं.

होळी झाली की मी आजही गठ्ठा बांधतो आणि वर नारळ ठेवतो. गोविंदाभाऊ गठ्ठा कपाळाला लावून म्हणतो, “सोडतो जी मधल्या धारंत.” मी हात जोडतो, पाठ फिरवतो आणि घरची वाट धरतो. वळून पाहत नाही.