डावखुऱ्याची कमान

आमच्या बेटावर बघण्यासारखं काय आहे, असं धक्क्यावर उतरणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो, आणि मी गाडीचं दार उघडून म्हणतो, "आधी बसा तर खरं." कारण सांगण्याचं काम माझं नाही, माझ्या बायकोचं आहे. मी गाडी चालवतो, ती तोंड चालवते, आणि आमचा संसार याच वाटणीवर सुखात चाललाय. दीपगृह, जुनं जकातघर, समुद्राला अगदी खेटून असूनही गोडं पाणी देणारी विहीर, नारळांच्या बागेत मातीत तोंड खुपसून पडलेली तोफ आणि शेवटी किल्ल्याचा समुद्राकडचा दरवाजा, असा आमचा फेरा असतो. पाहुणे तोफेवर बसून फोटो काढतात. विहिरीत वाकून स्वतःचंच नाव ओरडतात. दीपगृहाच्या पायऱ्या धापा टाकत चढतात आणि खाली येऊन मला सांगतात की वर वारा फार होता. समुद्राच्या टोकाला, तेही उंचावर, वारा असतो, हे त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणे.

दरवाजाशी मात्र सगळे गप्प होतात. ती कमानच तशी आहे. काळपट तांबूस दगड, एकाला एक असे बिलगलेले की मध्ये नख जाणार नाही, आणि कमानीतून दिसणारं हिरवंनिळं पाणी. तिथे उभी राहून माझी बायको वर्षानुवर्षं एक वाक्य म्हणत आली होती: "वादळं आली, गलबतं आली, राजवटी आल्या आणि गेल्या, पण या कमानीचा एक दगडही जागचा हलला नाही." बेटावरच्या पर्यटन ऑफिसने छापून दिलेलं वाक्य होतं ते. पाहुणे माना डोलवायचे. आणि बायको गाडीत येऊन बसली की पाणी प्यायची, कडू औषध घेतल्यावर पितात तसं.

कारण ते वाक्य धादांत खोटं होतं, आणि ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती लहान असताना एका वादळात ती कमान अख्खीच्या अख्खी खाली आली होती. आणि ज्या छिन्नीने ती पुन्हा उभी राहिली, ती आमच्या घरातल्या खिळ्याला टांगलेली आहे. छिन्नीचा मालक त्याच खिळ्याखाली खुर्ची टाकून बसतो आणि माझ्या गाडीच्या आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते मला न विचारता सांगतो. तो माझा सासरा. अख्खं बेट त्यांना मिस्त्री म्हणतं. मी मामा म्हणतो, आणि ते मला 'जावईबापू' म्हणतात, तेही अशा सुरात की त्यातला बापू ऐकूच येऊ नये.

मामांचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर त्यांना वाकडं चालत नाही. सासूबाई सांगायच्या, "हे मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे नंतर बघितलं, आधी आमच्या ओट्याचा कोपरा गुण्यात, म्हणजे नीट काटकोनात, आहे की नाही ते बघितलं. नव्हता. तसं त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलंही. तरी लग्न झालं, कारण दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तो कोपरा नीट करून दिला."

त्या वादळानंतर ऑफिसने पलीकडच्या किनाऱ्यावरून मोठे कारागीर आणले होते. ते म्हणाले, सिमेंटमध्ये करून टाकू, वरून रंग देऊ. मामा तेव्हा ऐन उमेदीत होते, आणि बोलावणं नसताना जाऊन बोलणं हा त्यांचा जन्मजात गुण. ते म्हणाले, "रंगच द्यायचाय तर पुठ्ठ्याची करा, स्वस्तात होईल." भांडण झालं. पण शेवटी काम मामांनाच मिळालं.

पडलेल्या दगडांतले काही पाण्यातून शाबूत निघाले, काहींचे तुकडे झाले होते. तुकड्यांच्या जागी नवे घडवायला हवे होते. उत्तरेच्या कड्याखाली जुनी खाण होती, झाडाझुडपांत बुजलेली. मामांनी ती शोधून तोच दगड काढला. पहिला घडवला, जुन्याशेजारी ठेवला आणि तोडून टाकला. दुसऱ्याचंही तेच. रंग तोच, माप तेच, तरी काहीतरी खटकत होतं. मग एका संध्याकाळी तिरपं ऊन जुन्या दगडावर पडलं आणि त्यांना दिसलं, की त्याच्यावरचे छिन्नीचे घाव उलट्या बाजूला झुकलेले आहेत. ज्याने ती कमान शेकडो वर्षांपूर्वी घडवली, तो डावखुरा होता.

झालं! मामांनी हातोडी डाव्या हातात घेतली. उजव्या हाताचा अंगठा ठेचून ठेचून काळानिळा झाला, त्याचं नख आजही वाकडं आहे. त्यांच्या सरळ आयुष्यातली तेवढीच एक वाकडी गोष्ट, आणि तिच्याकडे ते अंगठी असल्यासारखे बघतात. पाणी डाव्या हाताने, कंगवा डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने. सासूबाई म्हणायच्या, त्या वर्षी माझ्या घरात दुसराच माणूस राहायला आला होता. घडवलेले दगड त्यांनी भरतीच्या पाण्यात बुडवून ठेवले, मीठ मुरू दिलं, उन्हात तापू दिलं. मग चुन्यात, जुने नि नवे एकात एक मिसळून, कमान चढवली. त्या अनोळखी कारागिराला ते 'डावखुरा' म्हणतात. "डावखुऱ्याला घाई आवडत नसे," असं सांगतात, जणू दोघांनी एकाच डब्यातून जेवण केलंय.

काम संपलं आणि ऑफिसने कमान पडलीच नव्हती असं जाहीर करून टाकलं. पाहुण्यांना अभंग कमान बघायला आवडते. बेटावरच्या म्हाताऱ्यांना खरं माहीत होतं, पण म्हाताऱ्यांचं ऐकतो कोण? मामांना मात्र त्यात अपमान वाटला नाही. उलट ते खूश झाले. "दुरुस्ती दिसली तर तो मिस्त्री कसला? तो ठिगळं लावणारा," हे त्यांचं ब्रीद. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बायकोला ते पटत नव्हतं. तिला वडिलांचं नाव हवं होतं, त्या दरवाजावर, दगडाच्या नाहीतर पत्र्याच्या कशाच्याही पाटीवर, पण डोळ्यांनी वाचता येईल असं. आणि यंदा संधी आली. ऑफिसात नवीन बाई आल्या होत्या, शांत, सरळ स्वभावाच्या. दरवाजाशी धातूचा नवा फलक लावायचं ठरलं. बायको जाऊन त्यांना सगळं सांगून आली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. नाव घालायला मला आनंदच होईल. फक्त कोणते दगड नवे ते त्यांनी दाखवायला हवं. नकाशावर तशी खूण केल्याशिवाय दुरुस्तीचा उल्लेख मला करता येत नाही."

मामांनी साफ नाही म्हटलं. "मी लपवायला आयुष्य घातलं, आणि आता खडूने फुल्या मारू?"

घरात अबोला सुरू झाला. बापलेकीचा अबोला म्हणजे माझ्यावर दुहेरी बोजा. "यांना विचारा, चहा हवाय का." "हिला सांगा, नको." दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर. फलक ओतायला जायची वेळ जवळ येत चालली होती. शेवटी एकदा जेवताना बायकोने ताट बाजूला सारलं आणि थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. तुम्ही गेल्यावरही मी रोज तिथे उभी राहून, तुम्ही कधी नव्हतातच असं लोकांना सांगायचं का? नाही हो जमणार मला."

आणि ती रडली. फेऱ्यात कुणाचं मूल हरवलं तरी न घाबरणारी बाई, पण तेव्हा हुंदके देऊन रडली. मामांनी वाटीतलं उरलेलं संपवलं, हात धुतले. मग मला म्हणाले, "जावईबापू, उद्या गाडी लवकर काढा."

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायची ती वजनाची दोरी, टाकून तयार होते. ओळंबा कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. दरवाजाशी बाई नकाशा नि खडू घेऊन उभ्याच होत्या. ऊन तिरपं पडलं होतं, घाव अगदी स्पष्ट दिसत होते. मामांनी खडू घेतला, शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि एका दगडावर हात ठेवला. "हा," ते म्हणाले. खडू टेकवला. मग थांबले. "नाही. हा त्याचा."

शेजारच्या दगडावर हात गेला. तिथूनही मागे आला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. वरचा पाहिला, खालचा पाहिला. एका दगडाला तर कान लावून बोटाने टिचकी मारली. शिडी मी धरली होती. ते उतरले, दुसऱ्या बाजूने चढले, पुन्हा उतरले. खडू होता तेवढाच होता.

मला वाटलं, गेले डोळे. हात दाखवून अवलक्षण झालं, आणि तेही परक्या माणसासमोर. बायकोला वाटलं भलतंच. "बाबा, मुद्दाम करताय ना?"

"तुझ्या आईची शपथ," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तिचा राग तिथेच विरला. मामा पायरीवर बसले, तोंड ओंजळीत धरलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. बाई पुढे धावल्या. मी पाण्याची बाटली आणायला वळलो. तेवढ्यात ओंजळ बाजूला झाली, आणि पाहतो तर म्हातारा हसत होता! डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय.

"मलाच सापडेना गं!" ते लेकीला म्हणाले. "मी घडवले, मी बसवले, आणि मलाच सापडेनात! कळतंय का तुला? त्याचे कुठले आणि माझे कुठले, मला सांगता येत नाही!"

आयुष्यभर त्यांना हीच एक धास्ती असणार, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणाला ओळखू येईल याची नाही. स्वतःला येईल याची. आपला दगड आपल्याला दुरून खुपेल, याची. त्या सकाळी ती धास्ती कायमची गेली.

बाईंनी नकाशाची गुंडाळी केली. "मी लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मग त्यांनी वाकून मामांना नमस्कार केला. फलक आला तो नावाशिवाय आला, चकचकीत, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. त्यातला एक वाकडा आहे, हे मामांनी लांबूनच सांगितलं.

फलक लागल्यानंतरचा पहिला फेरा मला विसरता येणार नाही. गाडी भरलेली होती. मामाही 'सहज' आले होते, पुढच्या सीटवर. दरवाजाशी बायको पाहुण्यांसमोर उभी राहिली. "वादळं आली," तिने सुरुवात केली, आणि अडली. मी आरशातून बघत होतो. तिने फलकाकडे पाठ केली, मान ताठ केली.

"वादळं आली, आणि एका वादळात ही कमान पडली," ती म्हणाली. "सगळीच्या सगळी. ते तिकडे गाडीत पुढे बसलेत ना, ते माझे वडील. त्यांनी ती पुन्हा उभी केली. यातले काही दगड जुने आहेत, काही त्यांनी घडवलेले. ओळखा बघू कुठले."

मग जी गर्दी कमानीला भिडली, तशी तोफेलाही कधी भिडली नव्हती. लोक दगडांवर हात फिरवत होते, नाक लावत होते, आपापसात वाद घालत होते. घाईने फोटो काढून निघणारी माणसं, त्यांना मला हॉर्न वाजवून बोलवावं लागलं. आणि जो तो मामांकडे येऊन विचारायचा, "तो डावीकडचा ना?" मामा डोळे मिटायचे, क्षणभर विचार केल्यासारखं करायचे आणि ठामपणे मान हलवायचे. "अंहं. चुकलात."

आता तो रोजचाच कार्यक्रम झालाय. बेटावर बघण्यासारखं काय आहे, असं विचारणारे आता धक्क्यावरच म्हणतात, ती ओळखायची कमान कुठेय? मामा पायरीवर उशी टाकून बसतात, सगळ्यांना चुकलात म्हणतात, आणि माझी बायको ते ऐकून पाहुण्यांमागे तोंड लपवून हसते. गाडीत आल्यावर पाणी पीत नाही.

परवा एका आजींनी बराच वेळ दगड चाचपून एकावर बोट ठेवलं. मामा नेहमीसारखं चुकलात म्हणाले खरे. पण परतताना जकातघराच्या वळणावर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "जावईबापू, तो असेल का हो?"

"मला काय विचारता, मामा? कमान तुमची."

ते खिडकीतून मागे वळून बघत राहिले, दरवाजा झाडांआड जाईपर्यंत. मग वाकड्या नखाचा अंगठा चोळत म्हणाले, "माझी एकट्याची कशी? आमच्या दोघांची."