वन्संनी सही केली नाही

वन्सं गेल्याचा फोन सुनंदानं केला. सकाळची वेळ, मी चहा गाळत होते. "मावशी, बाई गेल्या… झोपेतच," एवढं बोलून ती हुंदके द्यायला लागली. सुनंदा म्हणजे वन्संच्या शिवणखोलीत कैक वर्षं काम करणारी, आता स्वतःच पन्नाशी ओलांडलेली बाई. मी काही रडले नाही. नव्वदीला टेकलेलं माणूस झोपेत गेलं तर ऐंशीकडं झुकलेल्या बाईला हेवाच वाटणार. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही संतापानं. वर्तमानपत्रात काळी चौकट आली होती. वर वन्संचा कुठल्या तरी लग्नातला फोटो, खाली त्यांच्या नवऱ्याचं आडनाव, आणि त्याखाली "शांत, सोशिक व कुटुंबवत्सल काकूंना भावपूर्ण श्रद्धांजली". शोकाकुल म्हणून पाचोडच्या सासरच्या झाडून सगळ्या पुतण्यांची नावं.

सोशिक! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ज्या घरातून त्या एका पिशवीनिशी निघून आल्या, ज्या घरानं पुढं कधी त्यांच्या दुखण्याखुपण्याला साधी पेठेतली मोसंबी पाठवली नाही, त्या घरानं मेल्यावर त्यांना आपलं आडनाव चिकटवलं आणि वर सोशिकपणाचं प्रमाणपत्र दिलं. दहाव्याला जमलेल्या आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी तर कमाल केली. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "बाकी वत्सलाबाई संशयी फार हं! तो पोस्टातला किस्सा आठवतो ना?" आणि चारजण हसले. एकीकडं सोशिक, दुसरीकडं संशयी. बाईला मरणानंतरसुद्धा दुसऱ्यांनीच शिवलेले कपडे घालायचे का? म्हणून तो किस्सा मी लिहिते आहे. मी तिथं होते. अगदी शेजारी उभी होते, आणि त्या दिवशी पोस्टातल्या सगळ्यांत मूर्ख बाई कोण, असं कुणी विचारलं असतं तर पैज मीच जिंकले असते.

वत्सला ही माझी थोरली नणंद, आमच्या ह्यांची सख्खी बहीण. मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी त्या सासर सोडून माहेरी आल्या. नवऱ्यानं दुसरीकडं संसार थाटला होता, आणि सासू म्हणायची, पुरुषाच्या जातीला असतं असं, तू आपली घर सांभाळ. वन्संनी घर सांभाळलं नाही. पण निघताना अंगावरच्या मंगळसूत्राशिवाय सोनं काही बरोबर आणता आलं नाही. आईनं दिलेल्या पाटल्या, बोरमाळ, वज्रटीक, सगळं सासूच्या ट्रंकेत राहिलं. भावाच्या घरात जन्मभर दोन घास खाली मान घालून खायचे, की ते सोनं मोडून स्वतःची एक खोली घ्यायची आणि शिवणाचं यंत्र टाकायचं, एवढाच त्यांच्यापुढं प्रश्न होता. सोनं आलं तर खोली, नाही तर आमचा माजघराचा कोपरा. मला तर तेव्हा वाटायचं, कोपरा काय वाईट आहे? उलट पाटल्या घरात आल्या की वन्सं मला सणावाराला घालायला देतील, हा माझा हिशेब. घ्या!

सासरच्यांनी बराच काळ टोलवाटोलवी केली, मग गावातल्या वडीलधाऱ्यांनी बोल लावला तेव्हा कबूल झाले. पण दस्तूर असा की दागिने हातानं द्यायचे नाहीत. हातानं दिले म्हणजे नातं तुटलं असा अर्थ होतो, चारचौघांत इज्जत जाते. त्यापेक्षा टपालानं पाठवू. टपालाला काय, ना माहेर ना सासर! आता सोनं टपालानं पाठवायचं तर विमा उतरवावाच लागायचा. डबा कापडात शिवायचा, वर किंमत आकड्यांत आणि अक्षरांत लिहायची, आणि शिवणीवर जागोजागी लाख ओतून ठसे उठवायचे. सगळे ठसे एकाच छापाचे हवेत, आणि तो छाप आपला स्वतःचा हवा. वन्संनी ह्यांच्या हातात आपलं अंगुस्तान दिलं. शिवताना बोटात घालायचं पितळी टोपण हो. त्याच्या टोकाला एका बाजूला खोक पडली होती. "बापू, लाख ओतली की ह्यानंच दाबायचं. अन् पार्सल स्वतःच्या हातानं पोस्टात टाकून यायचं. दुसऱ्याकडं द्यायचं नाय." हे म्हणाले, "व्हय व्हय."

हे पाचोडला गेले. वडीलधाऱ्यांसमोर दागिने तोलले, डबा शिवला, लाख ओतली, अंगुस्तान दाबलं. इथवर सगळं यथासांग. पण तोवर पोस्ट बंद झालं होतं. वन्संचे सासरे म्हणाले, "पाहुणे, तुम्ही कशाला ताटकळता? सकाळी आम्हीच टाकतो की." आता सोयऱ्याच्या पुढ्यातून पार्सल उचलून काखेत मारायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. आमच्या ह्यांना तेवढं धाडस कुठलं? भीड आडवी आली. पार्सल तिथंच ठेवलं, पुरणपोळी खाल्ली, वर तुपाची वाटी रिकामी केली आणि अंगुस्तान खिशात घालून घरी आले. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. "पोळी चांगली होती का?" एवढंच विचारलं. हे निरागसपणे म्हणाले, "लई मऊ!"

यथावकाश पोस्टाची चिठ्ठी आली, पार्सल आलंय, येऊन घेऊन जा. आम्ही तिघं निघालो. मी काय केलं असेल? घरात सोनं येणार म्हणून लग्नातला शालू नेसले आणि ताम्हणात हळदकुंकू, अक्षता, निरांजन घेऊन निघाले. पोस्टात! वाटेत वाऱ्यानं निरांजन विझलं तर मी एका पानवाल्याकडून काडी मागून ते पुन्हा पेटवलं. आज माझी नात असं काही करताना दिसली तर मी तिला डॉक्टरकडं नेईन.

पोस्टमास्तरांनी पार्सल पुढ्यात ठेवलं. शिवण ओळीत, ठसे टपोरे, मला तर बघूनच भरून आलं. मी निरांजन ओवाळायच्या बेतात, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "थांब." त्यांनी अंगुस्तान काढलं आणि एका ठशावर टेकवलं. मग दुसऱ्यावर. अंगुस्तानाचे बारीक ठिपके ठशातही होते, पण खोकेची खूण कुठंच नव्हती. कुणी तरी दुसरंच अंगुस्तान दाबलं होतं. "ह्या मोहरा माझ्या न्हाईत."

"बाई, मोहरा शाबूत आहेत," पोस्टमास्तर म्हणाले. "इथं सही करा, मग घरी नेऊन उघडा."

"शाबूत असतील. माझ्या न्हाईत. तुमच्यासमोर उघडा, मग सही."

"अक्का, कर की सही," हे हळूच म्हणाले. "लोक बघायलेत."

"बघू दे. एकदा सही केली की मिळालं म्हणून मिटलं. मग मी कुणाच्या तोंडाकडं बघू, तुझ्या?"

मागं रांग लागली होती. एक मनीऑर्डरवाले चाचा पुढं वाकून बघत म्हणाले, "बेटी, सही मत करना. खोलने दो पहले." आणि मी? मी पदर तोंडावर ओढून वन्संच्या कोपराला चिमटे काढत होते. "वन्सं, चला ना घरी, तमाशा नको." दुसऱ्या हातात पेटतं निरांजन. शेवटी पोस्टमास्तरच म्हणाले, "बापूसाहेब, तुमच्या मिसेसना सांगा दिवा विझवायला, इथं सगळा कागद आहे."

ते पोस्टमास्तर भले गृहस्थ होते. नियमात बसत होतं की नाही देव जाणे, पण त्यांनी दोन माणसं साक्षीला बोलावली आणि टेबलावरच शिवण उसवली. डब्यात मुलामा दिलेल्या पितळी पाटल्या, आणि वजन भरायला एक मोडका अडकित्ता. बोरमाळ नाही, वज्रटीक नाही. अडकित्ता! निदान धड तरी पाठवायचा. वन्सं तो उचलून बघत राहिल्या… मग त्यांनी तो परत डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "ज्यांचं त्यांना परत पाठवा. मी घेत नाही." आवाज चढला नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी सही केली असती, तर पाचोडवाले आजन्म म्हणायला मोकळे होते की सोनं मिळालं, बाईनंच कुठं तरी घातलं. आमच्या घरातल्या शहाण्यांना हे कळलं नव्हतं. मला तर नव्हतंच. संशयी म्हणे! ज्यांनी अडकित्ता शिवून पाठवला त्यांना काय म्हणायचं ते मात्र त्या चहा पिणाऱ्या गृहस्थांना सुचलं नाही.

ज्यांच्यासमोर सोनं तोललं होतं त्या वडीलधाऱ्यांपर्यंत साक्षीदारांकडून अडकित्त्याची बातमी पोचली, आणि सासऱ्यांना स्वतः सोनं घेऊन आमच्या दारात यावं लागलं. रुमालात बांधलेले दागिने त्यांनी पुढं केले. मी हात पुढं करणारच होते. वन्संनी मला मागं ओढलं आणि म्हणाल्या, "मामंजी, हातानं द्यायचं नाही, हा दस्तूर तुमचाच ना? टपालानंच द्या." त्यांनी ओट्यावर बसून डबा स्वतः शिवला, लाख ओतली, अंगुस्तान दाबलं, आणि वरच्या कापडावर किंमत अक्षरांत लिहायला सासऱ्यांनाच लावली, ठळक, लांबून वाचता येईल अशी. मग ते म्हातारे गृहस्थ फेटा सावरत त्याच पोस्टाच्या रांगेत उभे राहिले. वन्सं शेजारी. पार्सल याच गावातून याच गावाला, पोस्टापासून दोन गल्ल्यांवर. पाठवणार सासरे, घेणार वत्सला. त्या चिठ्ठीवर मात्र वन्संनी सही केली, लांबलचक, माहेरच्या आडनावासकट.

त्या सोन्याची खोली झाली. सिडकोच्या नव्या वसाहतीत नव्हे हो, तेव्हा सिडको कुठलं, जुन्या गुलमंडी बाजाराच्या मागच्या बोळात. एक यंत्र, मग दोन, मग मुली शिकायला येऊ लागल्या. त्या खोलीचा एक नियम होता. दार उघडं असलं तरी कडी वाजवायची, आतून "या" आलं की मगच पाऊल टाकायचं. भावानंसुद्धा. ह्यांना तो अपमान वाटायचा, बरेच दिवस ते गेलेच नाहीत. मला मात्र कडी वाजवायची मजा वाटायची… आमच्या घरात माझ्या स्वतःच्या खोलीत येताना कुणी कधी वाजवली नव्हती.

गेल्या आठवड्यात मी तिथंच बसले होते. पाचोडचा एक पुतण्या आला, चौकटीत पहिलं नाव ज्याचं होतं तोच. सरळ आत. चपलांसकट. म्हणाला, "काका कधीच गेले, काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं कायद्यानं वारस आम्हीच. किल्ली कुणाकडं आहे?" कायद्याचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, मी मागं वकिलाला विचारून घेतलं होतं, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. बाईनं सोनं कसं मिळवलं, खोली कशी उभी केली, काही असो. तिनं आधीच काही केलं नाही, तर ते त्याच ट्रंकेत परत जाणार! पण वन्संनी आधीच केलं होतं. हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हाच खोली सुनंदाच्या नावे करून दिली होती, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त पाचोडला ठाऊक नव्हतं, कारण पाचोडनं कधी विचारलंच नव्हतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनंदानं यंत्र थांबवलं. उठली नाही, दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.

"भाऊ, आधी बाहेर जा," ती म्हणाली. "कडी वाजवा. मग बोलू."

तो हसला, माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तो बाहेर गेला, आणि मला वाटलं होतं तसा तणतणत निघून न जाता दाराशी थांबला. खाली बघत चपला काढल्या. कडी वाजली.

सुनंदानं सुईत दोरा ओवून होईस्तोवर त्याला उभं ठेवलं.