आक्कांची ट्रायल

आक्कांनी आयुष्यात कधी कुणाचा ब्लाउज एका खेपेत दिला नाही. ब्लाउज शिवून झालेला असायचा, पण कुठंतरी काहीतरी राहिलेलं असायचंच. कधी एका बाहीची टीप, कधी गळ्याची पायपिंग, काही नाही तर नुसते हूक. "झालंच आहे गं, शनिवारी एक ट्रायल देऊन जा." शनिवारी गेलं की काखेत अर्धा सूत ढिलं निघायचं. अर्धा सूत! काखेत! तिथं कोण वाकून बघायला येणार आहे? पण आक्का ओठांत टाचण्या धरून मान हलवायच्या आणि पुढचा शनिवार पडायचा. अख्खी चिक्कडपल्ली त्यांना ट्रायलवाल्या आक्का म्हणायची, आणि तेही तोंडावर.

मी पुण्याची. नोकरीसाठी एकटीच हैदराबादला आले. ऑफिस हायटेक सिटीत आणि भाड्याची खोली चिक्कडपल्लीत, कारण मेट्रो जवळ. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. ऑफिसात इंग्रजी, रिक्षावाल्याशी मोडकं हिंदी, आणि मराठी फक्त फोनवर आईशी. रविवारी तर दिवसभर तोंड उघडायचं काम पडत नसे. अशाच एका रविवारी फाटलेली ओढणी घेऊन मी गल्लीतल्या बुटीकमध्ये शिरले आणि माझ्या दिव्य हिंदीत सुरुवात केली. आतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "मराठी आहेस का गं? तुझ्या हिंदीवरून समजायलंय." मला असं काही रडू फुटलं की विचारू नका. ओढणी राहिली बाजूला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, "ओढणीच फाटली ना? मग एवढं परेशान कामून होतीस? बैस आधी." त्या दिवसापासून मी त्यांची 'पुणेवाली' झाले.

बुटीक म्हणजे काय, तर रस्त्याला लागून एक लांबट खोली. पाटीवरचं नाव उन्हानं उडून गेलेलं, नुसता 'बुटीक' हा शब्द शिल्लक होता. आत एका भिंतीला कापडाची थानं, दुसरीला उंच आरसा, आणि मध्ये एक दिवाण. मागच्या खोलीत मशीनवर मास्टर बसायचे. हे मास्टर म्हणजे पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे गृहस्थ. आक्कांचे यजमान होते तेव्हापासून त्यांच्याकडे काम करणारे. यजमान गेले, मूलबाळ नव्हतंच, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आक्का एकट्या राहायच्या. माहेर बिदरकडचं, सासर पिढ्यानपिढ्या हैदराबादचं. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' असे मिसळलेले असत की माझी आई फोनवर ऐकून विचारायची, "कोण गं ही, आपल्यातली की त्यांच्यातली?" मी म्हणायची, "माझ्यातली."

ट्रायल हा आक्कांकडे एक समारंभ होता. पडद्याआड कपडा चढवायचा आणि बाहेर येऊन दिवाणासमोर उभं राहायचं. दिवाणावर आपापल्या ट्रायलला आलेल्या बायका असायच्याच. त्यांनी बोलायचं, आपण गोल फिरायचं. "बागुंदी, बागुंदी," एक तेलुगू बाई खूश होऊन म्हणायची, तर दुसरी लगेच, "पाठीला कोंचेम लूज उंदी." ढिलं आहे म्हणे! मग त्या ढिल्या पाठीवरून जी गाडी सुटायची ती कुणाच्या सुनेवर, कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या पोराच्या परीक्षेवर जायची. तेवढ्यात चहा व्हायचा. "घरी मी चहा करतच नाही," आक्का म्हणायच्या. "एका कपासाठी पातेलं घासायचं जिवावर येतं." हे त्या हसत सांगायच्या, म्हणून कुणी फार मनावर घ्यायचं नाही.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. एका थानाचे दोन ड्रेस त्या एका गल्लीत जाऊ द्यायच्या नाहीत. एकदा मी हळदी रंगाच्या बुट्टीच्या कापडावर अडून बसले. आक्का म्हणाल्या, "नक्को. हे कोपऱ्यावरच्या टीचरनं नेलंय." मी म्हटलं, "अहो, मग काय झालं? त्या शाळेत जातात, मी ऑफिसला." "आणि भाजी घ्यायला? तिथं दोघी समोरासमोर आलात की दोघींच्याही ड्रेसचा भाव उतरला." त्यावर त्या मला उन्हातान्हात सुलतान बाजारला घेऊन गेल्या, गर्दीत धक्के खात दुकानं पालथी घातली आणि दुसरं कापड शोधलं. मी दमून गेले होते आणि त्या मात्र मजेत होत्या. परतताना बसमध्ये माझा दंड धरून म्हणाल्या, "बरं झालं तू हट्ट केलास. दिवस छान गेला."

माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी मात्र माझं डोकं फिरलं. संध्याकाळची गाडी आणि दुपारी जाऊन बघते तो ब्लाउजला एक बाहीच नाही. आक्का लेस आणायला बाहेर गेलेल्या. सापडले ते मास्टर, आणि मी त्यांच्यावरच तुटून पडले. "मी काय एका हातानं अक्षता टाकू का?" हे सगळं अर्थात हिंदीत, म्हणजे आणखीच भयंकर. मास्टरांनी मशीन थांबवलं.

"मेरे पे कैकू चिल्ला रै अम्मा? मैं तो कबीच पूरा कर देता था. आक्का बोले, एक आस्तीन छोड दो."

"कैकू?" मीही तेच विचारलं.

"पूरा होगया तो लेके चले जाते ना सब. फिर कौन आता?"

एवढं बोलून त्यांनी बाही उचलली आणि माझ्या देखत ती जोडून टाकली. मी दिवाणावर बसले. राग कुठल्या कुठं गेला होता. थोड्या वेळानं आक्का आल्या. तयार ब्लाउज बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं. "केलंत का पूर्ण," एवढंच त्या मास्टरांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "म्हणजे चाललीस तू." मी म्हटलं, "आक्का, लग्नाला चाललेय, आठ दिवसांत येतेच आहे." "हौ, हौ. ये." त्या लेसची गुंडाळी उलगडत बसल्या. मी परत आले ती स्टेशनवरून खोलीवर न जाता थेट दुकानात, लाडवांचा डबा घेऊन. तेव्हा त्यांनी मला बसवून सगळ्या लग्नाची चौकशी केली, अगदी विहिणीच्या साडीच्या काठापर्यंत.

मग मुख्य रस्त्यावर ते मोठं दुकान झालं. काचेचं, तीन मजली, आत थंडगार. अशी दुकानं म्हणे गावोगावी आहेत आणि सगळीकडे तेच कपडे. बायका आधी नुसत्या बघायला गेल्या. मग ऑफिसचे कुर्ते तिथून, मग सणाचेही तिथूनच. तक्रार तरी कुणाची करायची? मीही घेतले तिथून. दहा मिनिटांत काम होतं. हे मी आक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दहा मिनिटांत काय होतं गं? मला दहा मिनिटांत चष्मा सापडत नाही." एम, एल, एक्सएल हे ऐकून तर त्या चक्रावल्याच. "म्हणजे बाईला नाव नाही, नुसतं माप?" त्या दसऱ्याला देवळात अगदी एकसारखा पोपटी कुर्ता घातलेल्या तिघीजणी दिसल्या. मला वाटलं आता आक्कांचा पट्टा सुटणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "तिघीही माझ्याकडच्या आहेत गं."

दिवाण रिकामा पडायला लागला. आक्का चहाचं पातेलं घेऊन बसायच्या आणि रस्त्याकडे बघायच्या. मला ते बघवेना. एक दिवस म्हटलं, चला, तुम्हाला ते दुकान दाखवते, एकदा बघून तरी घ्या शत्रू. त्या चांगली इरकल नेसून निघाल्या. आत गेल्यावर सगळ्या कपड्यांना हात लावून झाला, शिवणीला नावं ठेवून झाली. मग कुणास ठाऊक काय वाटलं, एक मोठा कुर्ता उचलून त्या ट्रायल रूममध्ये शिरल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. मी दार वाजवलं तेव्हा साडीवरच कुर्ता चढवून आल्या, चेहरा पार उतरलेला. "आत कोणीच नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसता आरसा. विचारायचं कुणाला?" बाजूलाच एक मुलगी कानात फोनचं ते बोंडूक घालून उभी होती. आक्का तिच्यासमोर जाऊन गोल फिरल्या आणि म्हणाल्या, "कैसा दिखरा बेटा?" मुलीनं एका कानातलं काढलं. "सॉरी आंटी?" आक्का म्हणाल्या, "कुछ नै." कुर्ता काढून त्यांनी नीट घडी करून ठेवला आणि थेट दाराकडे चालू लागल्या.

पुढं मास्टरांना दिसेनासं झालं आणि मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. घरमालकानं इमारत पाडायला काढली. आक्का अंबरपेठेत पुतण्याकडे राहायला गेल्या, बुटीक बंद झालं, आणि गंमत बघा, त्यांना काम मिळालं ते त्याच मोठ्या दुकानात. अल्टरेशनचं. मी आनंदानं उड्या मारल्या. म्हटलं, देवच पावला, पगार आहे, थंड हवा आहे, शिवाय दिवसभर बायकांची ही गर्दी. पण आक्कांची जागा होती तळघरात. वरून कपडा यायचा, त्याला चिठ्ठी टाचलेली असायची, चिठ्ठीवर इंच. काम झालं की कपडा वर जायचा. "बाई कुठाय?" आक्का मला फोनवर विचारायच्या. "नुसते हात-पाय येऊलालेत गं खाली. लांबी दोन इंच कमी म्हणे. पण का कमी? बुटकी आहे, का चप्पल बदलणार आहे? मी बघितल्याशिवाय कसं कापू?"

त्या वर जायला लागल्या. गिऱ्हाइकांत उभ्या राहून "हा निळा कुणाचा?" विचारायला लागल्या. मॅनेजर पोरगा चांगला होता बिचारा. तो म्हणायचा, "आंटी, कस्टमरको डिस्टर्ब नै करना." मग आक्कांनी त्यांच्या परीनं शहाणपणा केला. एका सलवारीचा एकच पाय दुमडला, दुसरा तसाच ठेवला, आणि चिठ्ठी लावली: शनिवारी ट्रायलला या. त्या बाईंना रात्री कार्यक्रमाला जायचं होतं. त्यांनी दुकानात तमाशा केला, इंटरनेटवर फोटो टाकला आणि आक्कांची नोकरी गेली. मी चिडले, फार चिडले. "अहो, असं कुणी करतं का? ते काय आपलं दुकान होतं?" आक्का खालमानेनं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं, येईल. आपल्याकडच्या यायच्या की."

आता आक्का दिवसभर पुतण्याच्या घरीच असतात. दुसरा मजला, स्वतंत्र खोली, टीव्ही. पुतण्या आणि त्याची बायको सकाळी कामाला जातात ते दिवेलागणीला येतात. माणसं चांगली आहेत, आक्कांना काही कमी पडू देत नाहीत. मशीन मात्र पुतण्यानं विकून टाकलं, आक्कांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. परवा सुट्टी होती, मी उठून गेले. आक्कांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "काय आणलंस? उसवलंय का काही?"

"काही नाही आक्का. सहज आले."

त्यांना ते समजेना. मला बसवलं, पण स्वतः उभ्याच. माझ्या कुर्त्याची शिवण चाचपली, ओढणीचा काठ बघितला, बाही उलटी करून पाहिली. दुकानातला कुर्ता, सगळं जिथल्या तिथं. "चांगलाच शिवलाय मेल्यांनी," त्या म्हणाल्या. मी चहा करायला उठले तर माझा हात धरून त्यांनी मला खाली बसवलं आणि तसाच धरून ठेवला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मी निघायला उठले तेव्हा म्हणाल्या, "पुणेवाली, तुझं तर काहीच राहिलेलं नाही माझ्याकडं. आता तुला परत बोलवू कशानं?"

मी म्हटलं, "बोलवायला कशाला हवं? मी येईनच की."

आक्कांनी मान हलवली. मी हे त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतेय, असंच त्यांना वाटलं. जिना उतरून रस्त्यावर आले आणि वर पाहिलं. त्या गॅलरीत उभ्या होत्या. मी ओरडून सांगितलं, "आक्का, शनिवारी येते!" येणाऱ्याजाणाऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आक्कांनी कानामागं हात धरला, ऐकू आलं नाही अशी खूण केली, आणि मला पुन्हा वर यायला लावलं.