बुडबुड्यातली आजी

स्टुडिओत सगळे तिला वहिनीच म्हणत, अगदी मालकसुद्धा. मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून लोकांच्या फोटोतलं नको ते काढायचं, हे तिचं काम. मुरूम काढ, सुटलेलं पोट आत घाल, चष्म्यावरची चमक पूस. चष्म्याच्या काचेत समोरचा दिवा, फोटोग्राफर, मागे ताटकळलेले नातेवाईक, सगळं उमटतं; ते पुसण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण वर्षानुवर्षं पुसून पुसून तिची मान आखडली होती, आणि संध्याकाळी घरी सासूबाई बोलायला लागल्या की त्यांच्या बोलण्याआधी तिला हनुवटीवरचा तीळच दिसे.

अलीकडे बाळांच्या फोटोत साबणाचे बुडबुडे हवेत अशी टूम निघाली होती. खरे उडवले की फरशी निसरडी होते, म्हणून मालकाने ते काम वहिनीच्या गळ्यात घातलं. तिने केलेही, छान गोल आणि सप्तरंगी. बाकीच्यांनी ते मुकाट्याने नेले. एका आजीबाईंनी मात्र नातीचा फोटो दोनदा परत आणला. पहिल्यांदा म्हणाल्या, या काचेच्या गोट्या झाल्या. वहिनीने रंग फिका केला, तर म्हणाल्या, आता पाण्याचे डाग पडल्यासारखं वाटतंय.

मालक वैतागला. आयते बुडबुडे चिकटवणारा एक प्रोग्रॅम त्याने बघून ठेवलाच होता. फोटो पुन्हा परत आला तर वहिनीने यापुढे अर्धाच दिवस यायचं, असं त्याने तोंडावर सांगितलं. अर्ध्या पगारात घर कसं चालवायचं, हे विचारायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तिने फोटो पुन्हा उघडला. पोर कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघून खिदळत होती. कशाला हसतेय एवढी, म्हणून वहिनीने पोरीचा डोळा स्क्रीनवर मोठा करून पाहिला. बुबुळात दिव्याचा पांढरा चौकोन होता, आणि त्याच्या शेजारी डोक्यावर हातांचे कान करून उभी असलेली एक छोटीशी काळी आकृती. आजी! फोटोग्राफर त्यांना सारखा मागे सरा म्हणत होता, ते तिला आठवलं.

सवयीने हात पुसायला गेला आणि थबकला. नमुन्यासाठी तिने घरी बेसिनपाशी एका खऱ्या बुडबुड्याचा फोटो काढला होता, आणि कामाला लागण्याआधी त्यातली खिडकी, दिवा, स्वतःची सावली अशीच साफ करून टाकली होती. आत काही उरलंच नाही, तर गोटी नाही तर काय दिसणार?

मग तिने निवांत काम केलं. घाई करायचं बळच नव्हतं. दिव्याचा चौकोन वरच्या कडेला वाकवून बसवला, तोच खाली समोरच्या बाजूला उलटा आणि बारीक करून ठेवला. साबण खाली ओघळतो म्हणून रंग तळाशी दाट केले, माथा जवळजवळ रिकामा सोडला. आणि मधोमध, डोळ्यातून उचलून, आजीबाई उभ्या केल्या.

आजीबाई आल्या, चष्मा पुसून फोटोवर वाकल्या. मालक काउंटरवर बोटं वाजवत होता.

"ही कोण गं आत?"

"तुम्हीच."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "एवढी वाकले का मी?"

"बुडबुड्यात सगळेच वाकतात, आजी."

"आणि बाहेर?"

वहिनी आखडलेल्या मानेवर हात ठेवून हसली. आजीबाईंनी फोटो पिशवीत घातला आणि पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरल्या.

अर्ध्या दिवसाचं मालकाने पुन्हा काढलं नाही. जुन्या सगळ्या फोटोंतले बुडबुडेही असेच करून टाक, एवढंच म्हणाला. आणि त्याआधी एका नवरदेवाचा चष्मा साफ करायचा होता. त्यात अख्खं वऱ्हाड उमटलं होतं.

वहिनीने खुर्ची पुढे ओढली आणि एकेकाला पुसायला घेतलं.