मुरलीधररावांचा बंदीहुकूम आणि तेलाची पिंपं

कॉव्हेंट्रीच्या सुहासिनी काकडे रिटायर झाल्यावर योगा क्लासला म्हणून कम्युनिटी सेंटरला गेल्या आणि चुकीच्या खोलीत शिरल्या. तिथे त्रिनिदादच्या मिस युलाली स्टीलपॅन हे वाद्य शिकवत होत्या. सुहासिनीबाईंनी चटई पसरायच्या आत त्यांच्या हातात दोन काठ्या आल्यासुद्धा.

"हे मुळात तेलाचं पिंप," मिस युलाली म्हणाल्या. "आमच्या बेटावर इंग्रज सरकारनं ढोलांवर बंदी आणली, तेव्हा लोकांनी बांबू आपटले. मग बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, आणि शेवटी ही पिंपं. पोलीस मागे लागायचे, पण वाजवणं काही थांबलं नाही."

सुहासिनीबाई भारावून एक पॅन घरीच घेऊन आल्या. त्यांचे यजमान मुरलीधरराव, मोटारीच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, क्रिकेट बघत होते.

"या घरात पिंप वाजणार नाही!" त्यांनी हुकूम सोडला.

पॅन गाडीत गेला. संध्याकाळी परात वाजायला लागली. परात लॉफ्टवर गेली, तेव्हा कुकरचं झाकण. झाकण जप्त झाल्यावर वरण कच्चं राहिलं, आणि बाई मागच्या अंगणात रिसायकलिंगच्या बिनवर सुरू झाल्या.

"अगं, शेजारी काय म्हणतील?"

"अहो, ते म्हणतायत, जरा जोरात."

मुरलीधररावांचा तोल सुटला. टेबलावर मुठी आपटत ते ओरडले, "बंद! बंद! बंद कर, बंद!"

नेमक्या तेव्हाच मिस युलाली नव्या काठ्या द्यायला आल्या होत्या. दारातच डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या.

"सू, हा तर बेस आहे, अस्सल खर्जाचा ठेका!"

"छे, हे माझे मिस्टर आहेत."

"असू देत. आम्हाला बेसवाला हवाच होता."

निवृत्त झाल्यापासून 'तुम्ही हवे आहात' असं मुरलीधररावांना कुणी म्हटलं नव्हतं. ते कुरकुरत क्लासला गेले आणि चारी बाजूंनी पिंपं लावून मधे उभे राहिले ते हलेचनात. पुढे येईल त्या पाहुण्याला ते तावातावानं सांगायचे, "लोकांच्या वाद्यांवर बंदी? काय हा उद्दामपणा!" सुहासिनीबाई हसू दाबत चहा ओतायच्या.

जुलैच्या कार्निव्हलला बँड ट्रेलरवर चढला. ड्रायव्हरनं चुकीचं वळण घेतलं आणि ट्रेलर थेट सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये थांबला. बाकीचे वाजवायचे थांबले, मुरलीधरराव थांबले नाहीत. डोळे उघडले तेव्हा भोवती लोक ट्रॉल्या घेऊन नाचत होते आणि एक आजी आपलं आइस्क्रीम वितळतंय हे विसरून ओरडत होत्या, "वन्स मोअर!"