तारेतला जास्तीचा ठिपका

दोस्तहो, आज दुपारी आसेगावले घरी आली, अन् तवापासून रडूनच राह्यली.

मी इंटरनेटच्या काचेच्या तारा डिझाइन करते. आमच्या नव्या तारेत केसाएवढ्या जाडीत उजेडाच्या सात वाटा हायेत. दोन तारा जोडताना सातही वाटा समोरासमोर याव्या लागतात. तार जराशी फिरली का जोड फसला. म्हणून मी कडेले एक जास्तीचा ठिपका टाकला. तो जुळला का सगळं जुळते.

ही अक्कल बाबाची. ते पाण्याच्या मोटरी दुरुस्त करत. खोलायच्या आधी झाकण अन् बॉडी, दोन्हीवर छिन्नीनं खूण करत. मंग बसवताना फिरवत बसा लागत नाही.

काल पहिला जोड जमला. आज बाबाले मोबाइलवर तारेच्या तोंडाचा मोठा केलेला फोटो दाखवला. बाबाले आताशा आई सोडून कोनाचीच ओळख राहत नाही. पन बोट बरोबर ठिपक्यावर ठेवलं.

"खूण करून ठेवली यानं. कोन हाय हा कारागीर?"

"मीच, बाबा."

त्यायनं माह्या तोंडाकडं लय वेळ पाह्यलं. मंग आईले हाक मारली, "अवं, ह्या बाईले चहा दे. लय दुरून आली दिसते."

तुमच्या घरी असं कोनी असन तर सांगा, तुमी त्यायले कोनत्या खुणेवरून ओळखू येता?