तात्यांच्या बंडीतला कामगंध

तिसऱ्या सकाळीही सापळा रिकामाच निघाला. मी पिशवी उलटी केली, झटकली, आत डोकं घालून पाहिलं. एक मुंगळा सापडला. बोंडअळीशी त्याचा काही संबंध नव्हता.

रंगनाथराव बांधावर उभे होते. फवारणीचा पंप पायाशी, औषधाचा डबा हातात. शेत त्यांचं, ट्रायल आमची.

"साहेब, आज तरी सांगा. फवारू का नगं?"

"पतंग नाहीत, रंगनाथराव. पतंग नाहीत म्हणजे अंडी नाहीत. अंडी नाहीत म्हणजे अळी नाही. मग औषध कशाला वाया घालवता?"

"शेजारचे तमाम लोक फवारायलेत की. पतंग त्यांच्या रानात येतेत, आन् माझंच रान सोडून जातेत व्हय?"

मी पिशवी पुन्हा नरसाळ्याखाली बांधली.

तेव्हा मी परभणीत कापसावरच्या किडींच्या संशोधनात नोकरीला होतो. झरीच्या पलीकडच्या एका गावात आम्ही कामगंध सापळे लावले होते. आता ते सगळ्यांना ठाऊक आहेत, तेव्हा नवलाची गोष्ट होती. बोंडअळीच्या पतंगाची मादी रात्री एक गंध सोडते. त्या गंधावर नर येतो. हाच गंध शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला आणि बोटाच्या पेराएवढ्या रबरी बुचात मुरवला. या बुचाला ल्युअर म्हणतात. ल्युअर नरसाळ्याच्या वर टांगायची, नरसाळ्याखाली पिशवी बांधायची. नर येतो, मादी शोधत घिरट्या घालतो आणि पिशवीत पडतो. सकाळी आपण मोजायचे. आकडा चढला की समजायचं, आता अंडी पडणार, फवारा. नाही चढला तर औषध वाचलं.

माझ्या शब्दावर रंगनाथरावांनी पंप खाली ठेवला होता. चुकलो असतो तर माझा एक रिपोर्ट वाया जाणार होता. त्यांचा वर्षाचा कापूस जाणार होता.

सापळे लावले त्या दिवशी आमचे बॉस स्वतः आले होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सरांना किडीपेक्षा भाषणाची आवड जास्त. मारुतीच्या पारावर गाव जमवून ते म्हणाले, "या वासात काय ताकद आहे, माहीत आहे? नर चार शेतं ओलांडून येतो. खाणं विसरतो, पिणं विसरतो, जिवाची पर्वा करत नाही!"

पार खदखदून हसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. हसले नाहीत ते एकटे तात्या. तात्या म्हणजे रंगनाथरावांचे चुलते, साठी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "साहेब, वास किती दिस टिकतो?"

"महिनाभर सहज."

परतताना जीपमध्ये सर खूश होते. म्हणाले, "पाहिलंस? खेड्यातल्या माणसाला जिज्ञासा नसते असं कोण म्हणतं?"

तर आता तीन दिवस शून्य. मी परभणीला जाऊन सरांना गाठलं.

"ल्युअर फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या ना?"

"हो सर. तुमच्या दसऱ्याच्या श्रीखंडाशेजारी."

"अरे, मग श्रीखंडाला वास लागला असेल!"

"सर, प्रश्न ल्युअरचा आहे."

"नव्या घेऊन जा. आणि तिथंच मुक्काम कर. बसनं ये-जा करून संशोधन होत नाही."

बसचाही तेव्हा भरवसा नव्हताच. विद्यापीठाच्या नामांतरावरून आज बंद, उद्या रास्ता रोको, एसटी सुटली तर सुटली. मी पिशवीत दोन कपडे टाकले आणि त्याच दिवशी दुपारी रंगनाथरावांच्या घरी डेरा टाकला.

संध्याकाळी जुन्या ल्युअर काढताना एक हातात धरून पाहिली आणि चरकलो. बुचाच्या मधोमध सुईचं भोक होतं. आमच्या ल्युअरला भोक नसतं. हे इंजेक्शनच्या बाटलीचं बूच होतं! दुसऱ्या सापळ्यातही तेच. पाचही सापळ्यांत तेच. चोरानं माल नेला होता आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून काळजीही घेतली होती.

"जळतेत माझ्यावर!" रंगनाथराव शेजारच्या शेताकडे पाहून ओरडले. "आत्ता जाऊन इचारतो!"

"थांबा. उगाच भांडण नको. नव्या लावल्यात, सकाळी बघू."

रात्री जेवायला बसलो तर त्या घरात वेगळंच प्रकरण. तात्या माझ्या शेजारच्या पाटावर. काकू, म्हणजे त्यांची मंडळी, वाढत होत्या. वाढता वाढता मला म्हणाल्या, "साहेब, त्यांना इचारा, भाकर पायजे का."

तात्या हातभर अंतरावर होते. तेही मलाच म्हणाले, "तिला सांगा, अर्धी."

मी निरोप पोचवला. कालवण, मीठ, पाणी, सगळं माझ्यामार्फत झालं. माझी भाकरी गार झाली. नंतर रंगनाथरावांनी हळूच सांगितलं. काकूंनी रेडकापासून वाढवलेली चंद्री नावाची म्हैस तात्यांनी त्यांना न विचारता पाथरीच्या एका पाहुण्याला देऊन टाकली होती. पोळ्यापासून काकूंनी बोलणं बंद केलं होतं.

पहाटे टाळांच्या आवाजानं जाग आली. कार्तिकाचा काकडा चालू होता. सापळे बघायला अजून अंधार होता, म्हणून मी देवळात गेलो. सभामंडपात गॅसबत्ती, पंधरावीस माणसं, मध्ये तात्या डोळे मिटून अभंगात रंगलेले. आणि तात्यांभोवती पतंग!

पतंग दिव्यावर येतात हे शाळेतलं पोरही सांगेल. इथे मात्र गॅसबत्ती बाजूला सोडून पतंगांनी तात्यांच्या बंडीभोवती फेर धरला होता. खिशावर तर थवाच बसला होता. टाळकऱ्यांचा ताल चुकायला लागला. एका म्हातारीनं हात जोडले. "देव पावला गं बाई तात्याला!" झालं, दोघंतिघं तात्यांच्या पाया पडायला पुढे सरकले.

मी एक पतंग धरून उजेडात पाहिला. बोंडअळीचा. नर हिरवट असतो, मादी तांबूस. हा हिरवट होता. दुसराही हिरवट. सगळेच हिरवट. आरती झाल्याबरोबर मी तात्यांना देवळामागं नेलं.

"तात्या, खिशात काय आहे?"

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि फडक्यात गुंडाळलेल्या ल्युअर काढल्या. जुन्या पाच आणि कालच्या पाच. सरांना नरसाळ्यात जे साधलं नाही, ते तात्यांनी बंडीत साधलं होतं.

"साहेब, बोभाटा करू नगा. ती बोलंना हो माझ्याशी. लय मिन्नतवारी केली. तुमचे मोठे साहेब म्हनले, ह्या वासानं नर चार शेतं वलांडून येतो. म्या म्हनलं, नर येतो तर मादी काऊन येनार न्हाई? ही तर नुसती चुलीपासून वसरीपर्यंत यायची हाय!"

"तात्या, हा वासच मुळी मादीचा आहे. तो लावून तुम्ही फिरलात तर नरच येणार!"

तात्यांनी बंडीवरच्या पतंगांकडे पाहिलं. "आसं व्हय," म्हणाले. "तरीच."

मला हसू फुटत होतं, तेवढ्यात लक्षात आलं. एवढे नर आहेत म्हणजे माद्याही आहेत आणि अंडी पडली आहेत. मी धावत जाऊन रंगनाथरावांना उठवलं. फटफटलं तसं आम्ही रानात गेलो. शेंड्याच्या पानांवर खसखशीसारखी अंडी, झाडागणिक. अळी अजून बोंडात शिरायची होती.

"रंगनाथराव, पंप उचला. आत्ता. सगळं रान."

ऊन चढेपर्यंत दोन पंप चालले. फवारणी झाल्यावर मात्र त्यांना कारण सांगावंच लागलं. ते तरातरा घरी गेले आणि ओसरीवर कडाडले, "तात्या! माझा कापूस बुडाला आसता की हो! ह्या वयात खिशात वास घालून फिरायलाव?"

तात्या खाली मान घालून बसले. आतून काकू आल्या. काय वास, कसला वास, त्यांनी मला विचारलं. मी जमेल तेवढं शास्त्रीय भाषेत सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. मग डोळे पुसून, मला मध्ये न घालता, थेट तात्यांना म्हणाल्या, "आदी माझी चंद्री आना. मंग लावा काय वास लावायचा ते."

तात्या त्याच दुपारी पाथरीला गेले.

परभणीत सरांपुढे डेटा ठेवला.

"हे तीन दिवस शून्य का?"

"पतंग तात्यांच्या बंडीवर होते, सर."

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग पेन उघडून विचारलं, "नरसाळ्यापेक्षा बंडीवर जास्त बसले का?"

"जास्तच, सर."

"मग डिझाइन बदलायला हवं."

रंगनाथरावांचा कापूस वाचला. थोडी बोंडं किडली, ती शेजारच्यांचीही किडली होती. वेचणीच्या वेळी गेलो तेव्हा अंगणात चंद्री रवंथ करत होती आणि काकू तात्यांना एकसारख्या बोलत होत्या. दोन महिन्यांची कसर भरून काढत होत्या. तात्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, आवाज बंद करायचं काई निघालंय का तुमच्यात?"

पुढे कितीतरी गावांत सापळे लावले. नरसाळं तपासायचो, पिशवी तपासायचो, ल्युअरला भोक नाही ना ते पाहायचो. आणि ज्याचं शेत, त्याला एक प्रश्न न चुकता विचारायचो: सध्या घरात कोण कुणाशी बोलत नाही?